अक्कांची सव्वा मूठ

अक्का, तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. अकरा ओळी झाल्या. आतल्या पानावर, डावीकडे खाली, फोटोशिवाय. घरात एकच फोटो निघाला, शाळेच्या निरोप समारंभातला, आणि त्यात तुमचा अर्धा चेहरा हारामागे आहे. त्या अकरा ओळींत ‘दावा’ हा शब्द नाही. हे मी तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. दहा वर्षांत ते झालं नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, चित्रपटांची नावं बातमीत आली आहेत. जे बातमीत मावलं नाही ते इथे लिहितो.

पहिल्यांदा आलो तेव्हा थंडीचे दिवस होते. जळगावच्या आमच्या दैनिकाची रविवारची पुरवणी नवी होती आणि संपादकांना या भागातल्या माणसांवर लेख हवे होते. धुळ्यात, देवपुरात, एक निवृत्त शिक्षिका राहते, ती तरुणपणी कोल्हापूरला सिनेमे लिहायची, असं कोणीतरी सांगितलं. मी साताऱ्याकडचा. खानदेशात येऊन मला दीड वर्ष झालं होतं, पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहत होतो. एसटीने पारोळ्यावरून आलो, पांझरेचा पूल ओलांडला आणि ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बाईंना विचारलं, “द्वारका देवरे इथेच राहतात का?”

त्या तुमच्या भावजय, सिंधूवहिनी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, “अक्का, तुमले कोनी तरी पुरं नाव घीसन इचारी ऱ्हायनं. पोलीस शे का पेपरवाला, दखा.”

“पोलीस असेल तर चहा ठेव,” आतून तुमचा आवाज आला. “पेपरवाला असेल तर अर्धाच ठेव.”

तुम्ही खिडकीची एक फळी लावलीत, दुसरी चार बोटं उघडी ठेवलीत. उन्हाची तिरीप खोलीत आली. कापसाचा हंगाम होता, रस्त्याने गाड्या जात होत्या आणि त्यांची रुई तरंगत आत येत होती. तिरिपीत आली की दिसायची, पलीकडे गेली की नाहीशी व्हायची. “झालं थेटर,” तुम्ही म्हणालात. “आता डोळे मीट.” मी मुलाखतीसाठी आलो होतो, वही मांडीवर होती, पण डोळे मिटले. तुम्ही एक दृश्य सांगितलंत. सांगून झाल्यावर विचारलंत, “दिसलं का?”

“दिसलं,” मी म्हणालो.

ते दृश्य मी आधी पाहिलेलं होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या चित्रपटातलं. एक सासू सुपातले गहू मुठीने परातीत टाकते आहे. घरात जितके पुरुष तितक्या मुठी. चार मुठी पडतात. मधला मुलगा तीन वर्षांपूर्वी शहरात कामाला गेला, त्याचं पत्र नाही, घरच्यांनी त्याची आशा सोडली आहे. सासू हात झटकते. मग सून पुढे सरकते, एक मूठ भरते आणि परातीत टाकते. सासू बघते, दीर बघतो. सून जात्यावर बसते. सगळ्या दृश्यात कोणी एक शब्द बोलत नाही.

पडद्यावर कथा, पटकथा आणि दिग्दर्शन या तिन्हींपुढे दिग्दर्शकाचं नाव येतं. हे दृश्य आपल्याला कसं सुचलं ते त्यांनी अनेकदा सांगितलं होतं, दरवेळी थोडं वेगळं. तुमची नेमणूक लेखनिक म्हणून होती. दिग्दर्शक बोलतील ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं. ते फारसं काही बोलत नसत, असं तुम्ही म्हणालात. सकाळी यायचे, “बाई, पुढे काय?” विचारायचे, तुम्ही सांगायचात, ते “हां, माझ्या मनात तेच होतं” म्हणायचे. हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं.

“मग कागद?” मी विचारलं.

“स्टुडिओत राहिले. स्टुडिओ विकला, कागद रद्दीत गेले.”

“कोणी साक्षीदार?”

“होता. तो आता मोठा दिग्दर्शक म्हणून वारला.”

मी परत गेलो आणि लेख लिहिला. आजही तो लेख वाईट नाही, असं मला वाटतं. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं असं: हे दृश्य आपणच लिहिल्याचा त्यांचा दावा आहे. आमच्या धंद्यात आधार नसलेल्या विधानाला हाच शब्द लावतात आणि मी तो न अडखळता लावला. दुसरं वाक्य अभिनयाबद्दल होतं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एकदा आणि व्हिडिओ आणून एकदा, असा तो चित्रपट मी पुन्हा पाहिला होता. सून मूठ टाकते, त्यानंतर तिचा हात परत सुपाकडे जातो आणि चिमूटभर गहू आणखी पडतात. मी लिहिलं की तिथे अभिनेत्रीचा हात क्षणभर अडखळतो, आणि मराठी पडद्यावर इतका खरा संकोच क्वचित दिसला आहे. या वाक्याचं संपादकांनी कौतुक केलं.

आठ दिवसांनी तुमचं पोस्टकार्ड आलं. अक्षर खरोखरच सुवाच्य होतं. “लेख पोचला. हात अडखळलेला नाही. दावा कोर्टात असतो, मी कोर्टात गेले नव्हते. तेवढा एक शब्द काढता आला तर बघ. पुढच्या वेळी भरीत करू, वांगी तुमच्या जळगावची आण.”

मी वांगी आणली. शब्द काढला नाही.

त्यानंतर वर्षातून तीन-चारदा मी देवपुराला येत राहिलो. कामासाठी येतो असं दाखवायचो. तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. खूश असलात की ‘भाऊ’, चिडलात की ‘पेपरवाले’. खिडकीची फळी लावून तुम्ही न झालेले चित्रपट सांगायचात. कोल्हापूरहून आई आजारी म्हणून परत आलात, मग ती गेली, मग शाळेत नोकरी धरली, आणि वर्गात मराठी शिकवत असतानाही ते चित्रपट तुमच्या डोक्यात चालूच राहिले होते. आधी सगळं अहिराणीत बोलून बघायचात. पात्रं अहिराणीत भांडायची, रुसायची. कागदावर उतरताना तुम्ही त्यांना पुस्तकी मराठी नेसवायचात. “धुतलेलं लुगडं,” तुम्ही म्हणायचात. “आतली बाई तीच शे.”

साक्रीच्या आठवडेबाजाराला दर आठवड्याला जाऊन काहीही न घेता परतणाऱ्या बाईची गोष्ट तुम्ही मला दोन वर्षं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलीत. ती बाई बाजारात एकेका पालापाशी थांबते, भाव विचारते, पुढे जाते. संध्याकाळी डोंगराकडच्या वाटेला लागते तेव्हा तिच्या रिकाम्या पिशवीत वारा भरलेला असतो. मला तिच्या लुगड्याचा रंग आठवतो, जांभळा, हिरव्या काठाचा. तुम्ही रंग कधीच सांगितला नव्हता. एकदा कार्यालयात चित्रपटांच्या कात्रणांमध्ये मी तिचा फोटो शोधत बसलो होतो. बराच वेळ शोधल्यावर लक्षात आलं की असा चित्रपट निघालेलाच नाही.

भांडण मात्र दरवेळी एकच. मी म्हणायचो, “अक्का, संवाद असते तर शैलीवरून सिद्ध करता आलं असतं. त्या दृश्यात कोणी बोलतच नाही. ते तुमचं कसं ठरवायचं?”

“जिथं कोणी बोलत नाही तेच तर मी लिहिलं. बाकीचं कोणीही लिहील.”

“हे मला छापता येत नाही.”

“तुला काय छापता येतं?”

“जे दाखवता येतं ते.”

“मग श्रावणात ये,” तुम्ही म्हणायचात. “कानबाईच्या आदल्या दिवशी. दाखवते.”

श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते, एवढं मला माहीत होतं. दरवर्षी तिच्या मिरवणुकीची बातमी मी दोन कॉलमांत लावत होतो. आदल्या दिवशी घरांच्या आत काय चालतं ते पाहायला कधी गेलो नव्हतो. दरवर्षी त्या सुमारास माझी ड्यूटी असे, आणि ड्यूटी बदलून मागण्याइतकं ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. “तुम्ही सांगूनच टाका ना,” असं मी एकदा म्हणालो. “मी सांगितलं तर तो परत दावाच होईल,” तुम्ही म्हणालात. “तू बघितलंस तर बातमी होईल.”

मागच्या श्रावणात मी आलो. तुम्हाला धड चालता येत नव्हतं म्हणून आलो, हे कबूल करतो. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, पायांवर चादर. दुपार होती. तुमचे भाऊ, नाना, दारात उभे होते. ते म्हणाले, “ये भाऊ, बस. पन एक सांगी देस. उद्या रोट ऱ्हास, तो बाहेरनासले देता येत नही. राग मानू नको.”

कानबाईच्या नैवेद्याला रोट म्हणतात आणि तो घरातल्या माणसांनीच खायचा असतो. सिंधूवहिनी आतून म्हणाल्या, “त्याले उपाशी थोडी धाडसू? दुसरा सयपाक करेल शे.”

मग त्या आंघोळ करून, ओल्या केसांनी, रोटाचे गहू घेऊन बसल्या. समोर सूप आणि परात. नाना एकेक नाव घेत होते. स्वतःचं, दोन मुलांचं, नातवाचं. वहिनींनी पहिली मूठ भरून परातीत टाकली. त्यांचा हात परत सुपाकडे गेला आणि चिमूटभर गहू वर पडले. दुसरी मूठ. पुन्हा चिमूट. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी हात त्याच वेगाने गेला, त्याच वेगाने आला.

“हे वरचं काय?” मी विचारलं.

“सव्वा मूठ शे ना,” नाना म्हणाले. “एक मूठ नि वर पाव. मानूस मागे सव्वा. मोकळी मूठ देवले चालत नही.”

मी तुमच्याकडे पाहिलं नाही. वहिनींच्या हाताकडे बघत राहिलो. चित्रपटात ते घर कोल्हापूरकडचं आहे. तिथे ना ही कानबाई, ना हा रोट. दिग्दर्शक तिकडचे, अभिनेत्री पुण्याची. त्या सगळ्या संचात पांझरेच्या काठचं एकच माणूस होतं आणि ते सुवाच्य अक्षरात लिहीत होतं. अभिनेत्रीच्या हातून पडलेली ती चिमूट लिहिलेली होती, म्हणून पडली होती.

नानांनी मग स्वतःहून सांगितलं. तुम्ही लहान असताना तुमचे वडील सुरतेला गिरणीत गेले आणि तीन वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. काकांनी रोटातून त्यांची मूठ काढली. तुमच्या आईने ती परत टाकली, भरल्या घरासमोर. “आम्ही दोन्ही अठेच बठेल व्हतूत,” नाना म्हणाले. “अक्का नऊ वरीसनी.”

“मग वडील परत आले?”

“चवथा वरीसले उना ना, पत्र्यानी पेटी घीसन. आखो मायवरच वरडना, चहा गार का म्हनीसन.”

“तुमच्या चित्रपटात तो येत नाही,” मी तुम्हाला म्हणालो.

“आला असता तर त्या मुठीचं काय राहिलं असतं?” तुम्ही डोळे न उघडता म्हणालात.

चार मुठी झाल्या होत्या. वहिनी थांबल्या नाहीत. पाचवी भरली, वर चिमूट टाकली. मी नानांकडे बघितलं, त्यांनी पाचवं नाव घेतलं नव्हतं.

“ही कोणाची?” मी विचारलं.

“अक्कानी,” वहिनी म्हणाल्या, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. बायकांची मूठ नसते, ते मला त्यानंतर कळलं. तुम्ही कोल्हापूरहून परत आलात त्या वर्षी तुमच्या आईने ती पहिल्यांदा टाकली. ही कमावून आणते, घर चालवते, हिची का नाही, असं विचारलं म्हणे. आई गेल्यावर वहिनींनी चालू ठेवली. त्याबद्दल या घरात कधी चर्चा झालेली नाही.

वहिनी परात घेऊन उठल्या. तुम्ही मला विचारलंत, “दिसलं का?”

मी नेहमीसारखं म्हणालो, “दिसलं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. त्या दोन शब्दांना कसलाही आधार लागत नव्हता. मला वाटलं, बोलण्यापेक्षा छापून आणावं. तुमच्यासमोर अंक ठेवावा.

जळगावला आल्यावर संपादकांकडे गेलो. दहा वर्षांपूर्वीच्या लेखात दुरुस्ती करायची आहे, नवा लेख लिहितो, म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “विषय चांगला आहे,” म्हणाले. “पण आत्ताच का? निमित्त काय?” आमच्याकडे लेखाला निमित्त लागतं. पुरस्कार, पंचाहत्तरी, असं काही. तुम्हाला पुरस्कार मिळणार नव्हता. पंचाहत्तरीला अजून अवकाश होता. मी वाद घातला नाही, कारण कोणी नवखा माझ्याकडे असा विषय घेऊन आला असता तर मीही हेच विचारलं असतं. लेख लिहून खणात ठेवला आणि निमित्ताची वाट पाहत बसलो.

दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही झोपला होतात. संक्रांतीनंतर आलो तेव्हा साक्रीच्या बाईची गोष्ट पुढे सांगितलीत. यावेळी तिने बाजारात काहीतरी विकत घेतलं होतं. काय, ते सांगितलं नाहीत. “पुढच्या खेपेला,” म्हणालात.

वैशाख संपता संपता, सकाळी दहाच्या सुमाराला नानांचा फोन आला. एसटीडी बूथवरून बोलत होते. “भाऊ, अक्का गयी,” एवढंच. मागे कोणीतरी वेळ संपत आल्याचं सांगत होतं.

निमित्त मिळालं होतं.

बातमी मी लिहिली, तपासायला सुलभाकडे गेली. ती आमच्या डेस्कवर चार वर्षं आहे, मूळची चोपड्याची, आणि तिला मीच शिकवलं आहे. तिने पाचव्या ओळीवर पेन्सिल ठेवली. ‘त्या चित्रपटातील मुठीचे प्रसिद्ध दृश्य त्यांनी लिहिले होते.’

“सर, याला आधार?”

मी तिला सव्वा मुठीचं सांगितलं. वरची चिमूट, कोल्हापूरचं घर, पुण्याची अभिनेत्री. तिने पेन्सिल उचलली.

“आमच्याकडेही सव्वाच असते,” ती म्हणाली. “तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“नाही.”

“कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शिपाई मामांनी सांगितलं असतं.” मग म्हणाली, “मी सांगितलं असतं.”

अक्का, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात. दहा वर्षं मी आधार शोधत होतो, आणि आमच्या कार्यालयातल्या निम्म्या लोकांच्या घरी दर श्रावणात तो परातीत पडत होता. मी विचारलं नाही. मी मुंबईच्या ग्रंथालयात पत्रं पाठवली, जुन्या छायालेखकांचे पत्ते मिळवले. शेजारच्या टेबलाला विचारलं नाही.

परवा अंक घेऊन देवपुराला आलो. तेराव्यानंतरची दुपार, पांझरा कोरडी. तुमच्या खोलीच्या खिडकीच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. इतका उजेड मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता आणि खोली लहान वाटली. नानांनी चष्मा लावून अकराही ओळी मोठ्याने वाचल्या. पाचवी ओळ दोनदा वाचली.

सिंधूवहिनी जमिनीवर बसून वर्षाचे गहू भरत होत्या. रोटाचे गहू याच वेळी निवडून वेगळ्या डब्यात ठेवायचे, अशी या घराची रीत आहे. त्या ऐकत होत्या, पण हात थांबला नव्हता.

“यंदा रोट व्हतीन का नही, ते बी सांगता येत नही,” नाना अंकाची घडी घालत म्हणाले. “नि व्हयनात तरी, गयेल मानूसनी मूठ ऱ्हात नही.”

वहिनींनी मान वर केली नाही. सुपातून एक मूठ भरली आणि डब्यात टाकली. त्यांचा हात परत सुपाकडे गेला, चिमूटभर गहू घेऊन आला.

नाना बघत होते. मी बघत होतो. मग नाना उठले, डब्याचं झाकण शोधून आणलं आणि वहिनींच्या हाताशी ठेवलं.

कोणी काही बोललं नाही, अक्का.